तोंडावर बोट

शाळेचा पहिला दिवस. घंटा झाली आणि आम्ही खदानीतली सगळी पोरं जमिनीवर आडवी पडलो.

पोटावर. डोक्यावर हात घेऊन. मी शालूला, माझ्या धाकट्या बहिणीला, अंगाखाली घेतलं आणि डोळे गच्च मिटले. आता फुटेल, मग फुटेल. काहीच फुटलं नाही. फुटलं ते हसू. अख्खा वर्ग हसत होता. नव्या वसाहतीतल्या फ्लॅटमधली पोरं बाकांवर चढून आम्हाला बघत होती, एकमेकांना बोलावून दाखवत होती.

हेडमास्तर आले. त्यांना सगळे सर म्हणायचे. "काय प्रकार आहे हा?"

आमच्या बाई म्हणाल्या, "सर, ही आपली नवीन निर्वासित मुलं. घंटा ऐकून लोळायलाच लागली."

सर हसले. "डोंगरातली माकडं आहेत. होईल सवय. उठा रे! इथे कोणी गोळ्या नाही घालत तुम्हाला."

मी उठले. शालू उठेना. तिच्याखाली ओलं झालं होतं. मी कोपऱ्यातलं फडकं घ्यायला गेले, तर बाई ओरडल्या, "त्याला हात लावू नकोस! ते वर्गाचं आहे. तुझ्या परकरानं पूस." मी पुसलं. सगळ्यांसमोर, गुडघ्यावर बसून, अंगावरच्या परकरानं. मग तोच ओला परकर पायाला चिकटत असताना दिवसभर मागच्या गोणपाटावर बसले. दहा-अकरा वर्षांची होते मी. त्या वयात माणसाला लाज नसते असं ज्यांना वाटतं, त्यांना कधी असं पुसायला लागलेलं नाही.

आम्ही का पडलो हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. म्हणून आता सांगते.

आम्ही मूळचे मराठवाड्यातले. गावाबाहेर आमची बौद्धांची वस्ती. तिकडं शहरात विद्यापीठाच्या नावावरून भांडण पेटलं आणि इकडं आमची घरं पेटवली. ज्यांच्या रानात माझी माय खुरपायला जायची, त्यांच्याच घरची माणसं रॉकेल घेऊन आली. बापानं घरातलं एक भांडं काढलं नाही. निळ्या कोटातला फोटो तेवढा छातीशी धरून तो बाहेर पळाला. आम्ही ज्वारीत लपलो. मग पायी, मग ट्रकमध्ये गुरांसारखे उभे राहून, असे करत करत ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलो. कोणी तरी बापाला सांगितलं होतं की पावणे गावाजवळच्या डोंगरात दगडाच्या खदानी आहेत, तिथं जात विचारत नाहीत. खरंच विचारत नाहीत. दगड फोडायला कोण आलंय याच्याशी कोणाला काय करायचंय?

खाली कारखाने, त्यांचा तो नाकात झोंबणारा वास, वर आमची खदान. बाप सुरुंगाच्या कामाला लागला. कातळात भोकं पाडायची, दारू भरायची, वात लावायची आणि पळायचं. माय खडी फोडायची. आम्हा पोरांना कोण सांभाळणार? आम्ही तिथंच. दगडात.

सुरुंग उडवायचा म्हणजे बार. बाराच्या आधी मुकादम रुळाच्या तुकड्यावर पहार हाणायचा. झाडाला टांगलेला असायचा तो तुकडा. ठण ठण आवाज झाला की असेल तिथं, मिळेल त्या आडोशाला आडवं पडायचं, कारण मग आभाळातून दगड येतात. आणि पडायच्या आधी एक पद्धत होती आमच्या बायकांची. प्रत्येक आई आपापल्या लेकरांना नावानं हाक मारायची. लेकरानं जिथं असेल तिथून ओ द्यायची. ओ ऐकल्याशिवाय आई खाली बसायची नाही, आणि शेवटची आई बसल्याशिवाय माझा बाप वातीला काडी लावायचा नाही. मुकादम शिव्या घालायचा, तरी नाही. असं सगळ्या खदानीत चालायचं. कोणी लिहून ठेवलेला नियम नव्हता तो, पण त्याच्यावर आमची पोरं जगत होती.

आणि शाळेची घंटा म्हणजे काय? व्हरांड्यात टांगलेला तसाच रुळाचा तुकडा. तसाच ठणठणाट. आम्ही पडलो त्यात चूक काय झाली आमची? हुशार होतो म्हणून पडलो. जे पडत नव्हते ते खदानीत मेले असते.

शाळेत आम्हाला नेलं एका संस्थेच्या बायांनी. खदानीत आल्या, नाकाला रुमाल लावून हिंडल्या आणि म्हणाल्या, मुलांना शाळेत पाठवा, आम्ही त्यांना सामावून घेणार आहोत. बाप इतका खूश झाला की त्यानं त्या दिवशी सगळ्या झोपड्यांतून फिरून सांगितलं, "आपली लेकरं शिकनार हायती. मोठ्या साळंत!" माझ्या बापाला अक्षर येत नव्हतं. पण शिकायचं, काहीही झालं तरी शिकायचं, हे त्याला त्या फोटोनं शिकवलेलं होतं. तो एवढ्याचसाठी जगत होता, खोटं नाही सांगत.

सामावून घेतलं म्हणजे कसं, ते ऐका. वर्गाच्या मागच्या बाजूला, चपला काढायच्या जागेजवळ गोणपाट टाकलं. त्यावर आम्ही. लहान-मोठे सगळे एकत्र. त्याला नाव दिलं निर्वासित मुलांचा भाषावर्ग. मी घरी येऊन बापाला विचारलं, "बा, निर्वासित म्हंजे काय?" त्यानं मुकादमाला विचारलं. मुकादम म्हणाला, दुसऱ्या देशातून पळून येतात ते. बापानं ते मला येऊन सांगितलं. मग म्हणाला, "आपुन तर ह्याच मुलखातले हाव की."

तेच तर! ह्याच मुलखातले. आणि मराठीच बोलणारे. मराठी बोलणाऱ्या पोरांना मराठी शिकवायला वेगळा वर्ग काढला होता त्यांनी, आणि त्याचं कौतुक छापून येत होतं.

बाई वाईट दिसायच्या नाहीत. हळू बोलायच्या. साडी कडक इस्त्रीची. त्यांची एक पद्धत होती आणि ती त्या पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं समजावून सांगायच्या. "ह्यांची आधीची बोली आधी विसरली पाहिजे. पाटी पुसल्याशिवाय नवीन कसं लिहिणार?" पाटी पुसायची म्हणजे काय, तर ज्याला शुद्ध बोलता येत नाही त्यानं तोंडावर बोट ठेवून बसायचं. दुसऱ्यांचं ऐकायचं. ऐकून ऐकून शुद्ध झालास की बोट काढ. आमच्यातल्या कोणाचंच बोट निघायचं नाही. तहान लागली तरी बोलायची सोय नाही, कारण पाणी मागायचं ते सुद्धा शुद्ध मागायचं.

मी लवकर शिकले. मला बघून बघून बोलायला जमायचं. बाई जसं बोलायच्या तसं मी बोलायची, आणि त्या मला पुढं उभं करून म्हणायच्या, "बघा, हिला जमलं!" मला बरं वाटायचं. का नाही वाटणार? कोणीतरी चांगलं म्हणत होतं मला. पण शालूला जमलं नाही.

शालू सहा वर्षांची. बोलघेवडी पोर. ज्वारीत लपलो होतो तेव्हा मायनं तिचं तोंड हातानं दाबून धरलं होतं, आणि हात काढल्याबरोबर ती बोलायला लागली ती ट्रक थांबेपर्यंत बोलत होती. खदानीत दगडांना नावं द्यायची. हा धोंडा आमच्या गावची आत्या, तो धोंडा मामा. जाळपोळीचं सुद्धा बोलायची. झोपडीत आलेल्या कोणालाही धरून सांगायची. ते तिच्या आतून असं निघून जात होतं म्हणूनच ती हसत-खेळत राहिली असावी, असं मला आता वाटतं.

एक दिवस बाई म्हणाल्या, "आपल्या घराविषयी सांगा." फ्लॅटमधल्या पोरांनी गॅलरीतल्या कुंड्या सांगितल्या, टीव्ही सांगितला. मग बाईंचं लक्ष मागं गेलं. शालूनं हात वर केला होता. मी तिला चिमटा काढला, पण ती उठलीच.

"बाई, आमच्या घराला लई उजेड झाल्ता. शेळी आतच व्हती. लई वरडायली व्हती."

"थांब," बाई म्हणाल्या. "हे काय बोलणं झालं? आधी नीट वाक्य कर, मग सांग."

शालूला वाक्य म्हणजे काय ते कळलं नाही. तिनं परत सुरू केलं. "आमची शेळी बांधलेली व्हती, मायला सोडताच नाई आली..."

"थांब. पुन्हा."

"शेळी..."

पोरं हसायला लागली. कोणीतरी शेळीचा आवाज काढला. बाई सुद्धा हसू दाबत होत्या, मी बघितलं. "तोंडावर बोट," त्या म्हणाल्या. "नीट बोलता येईल तेव्हाच काढायचं."

शालूनं बोट ठेवलं. शाळा सुटली तरी ठेवलेलं. मी तिला रस्त्यात म्हणाले, "आगं काड की आता!" तिनं बोट काढलं. पण तोंड उघडलं नाही. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. दगडांशी नाही, मायशी नाही. मायनं गूळ दिला, मारलं, जवळ घेतलं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं घशात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला काही नाही झालेलं. माय दारात बसून मोठ्यानं रडली. "आगीतून बोलत बोलत आलं माय लेकरू. साळंत घातलं अन् मुकं झालं!"

मी बाईंना जाऊन सांगितलं. शुद्ध मराठीत सांगितलं, घोकून गेले होते. "बाई, माझी बहीण आता घरी देखील बोलत नाही." बाई म्हणाल्या, "मुळातच मंद आहे ती. तू तिच्याकडे लक्ष देऊ नकोस, तुझं नुकसान होईल." त्यांना वाटलं असेल त्या माझं भलं करताहेत.

मग तो सुट्टीचा दिवस आला. खदानीत बार होता. मुकादमानं पहार हाणली. आयांनी हाका सुरू केल्या. इकडून ओ, तिकडून ओ. मी ओ दिली. मायनं हाक मारली, "शाले!" ओ नाही. "शाले! ए शाले!" नाही. सगळ्या बाया खाली बसल्या आणि माझी माय एकटी उभी, हाका मारत. बापाच्या हातात काडी. मुकादम त्याच्या अंगावर धावून गेला, "लाव भडव्या! तुझ्या मुक्या पोरीपायी दिवस घालवू का?" बापानं लावली नाही. मुकादमानं दुसऱ्याच्या हातानं लावून घेतली.

माय उघड्यावर धावत होती. मी आडोशातून बघत होते आणि किंचाळत होते. शालू कुठं होती माहितेय? मायच्या समोरच, एका मोठ्या धोंड्याआड. तिला मायची हाक ऐकू येत होती. ती तिथं नीट आडवी पडली होती, शिकवल्यासारखी. फक्त तिच्यानं ओ देववत नव्हती.

दगड मायच्या पायावर आला. घोट्याचं हाड चुरलं. जीव वाचला, पण माय परत कधी सरळ चालली नाही.

मायला झोपडीत आणून ठेवलं तेव्हा मी बापाला म्हणाले, "बा, आमी आता साळंत जात न्हाई." आणि बाप, जो मायच्या पायाचं रक्त पुसत होता, तो वर न बघता म्हणाला, "सोस. काय बी म्हनू दे त्यांना. साळा सुटली न्हाई पायजे." मला त्याचा इतका राग आला की मी बाहेर जाऊन दगड लाथाडले. पण गेले. दुसऱ्या दिवशी शालूचा हात धरून शाळेत गेले. शालू तिथं तोंडावर बोट ठेवून बसायची आणि बाईंना ती आता शहाणी वाटायला लागली होती.

शाळेत एक शिपाई मामा होते, पावणे गावातले आगरी. त्यांची स्वतःची भातशेती कारखान्यांत गेली होती. आम्ही का पडतो हे त्यांना मी न सांगता कळलं, कारण बाराचा आवाज त्यांच्या गावातही जायचा. घंटा द्यायच्या आधी ते आमच्या खिडकीशी यायचे आणि हळूच सांगायचे, "पोरांनो, घंटा मारतंय हां. भिऊ नका." एवढ्यावर आम्ही हळूहळू बसून राहायला शिकलो होतो. घंटेची सवय आम्हाला सरांनी लावली नव्हती की बाईंनी. मामांनी लावली होती.

मग पाहुणे येण्याचा दिवस ठरला. भाषावर्ग बघायला. पालकांनाही बोलावलं. माय उठू शकत नव्हती. बाप आला. धुतलेला पांढरा शर्ट घालून आला, केसांना तेल लावून. त्याला बसायला जागा दिली नाही, म्हणून तो भिंतीला पाठ लावून गोणपाटाजवळ उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत एवढा आनंद होता की मला बघवेना.

पाहुण्यांत अधिकारी होते, त्यांच्या बायका होत्या, एक फोटोवाला होता. आम्ही बाईंनी पाठ करून घेतलेलं स्वागत म्हटलं. मी पुढं होते. एक बाई म्हणाली, "किती शांत बसतात हो ही मुलं!" आमच्या बाई म्हणाल्या, "खूप कष्ट घेतले आम्ही. आता पूर्ण सामावून घेतलंय." शालूकडं बघून दुसरी म्हणाली, "ही बघा, कशी बोट ठेवून बसलीये! गोड!" फोटोवाल्यानं शालूचा फोटो काढला.

चहा आला. सर रंगात आले होते. "अहो, सुरुवातीला काय गंमत व्हायची सांगू? नुसतं सांगून नाही समजणार. दाखवतोच." ते व्हरांड्यात गेले. मामा म्हणाले, "सायेब, नको. आगोदर सांगूंद्या. पोरा भितान." सरांनी त्यांच्या हातातला लोखंडी दांडा ओढून घेतला आणि सगळा जोर लावून हाणला.

आमच्यातली काही पोरं पडली. मी पडले नाही, मी सरांचं आणि मामांचं बोलणं ऐकलं होतं. पण मागं उभ्या असलेल्या माझ्या बापानं ऐकलं नव्हतं.

तो सुरुंगवाला होता. सगळ्यांत आधी त्याला कळायला पाहिजे आणि कळलं. तो झेपावला. शालूवर. अख्खं अंग तिच्यावर टाकून, हातांनी तिचं डोकं झाकून तो गोणपाटावर पडला. त्याच्या पायाची ठोकर चहाच्या ट्रेला लागली आणि कपबशा त्याच्या पाठीवर आल्या. तो पांढरा शर्ट चहानं भिजला. तसाच पडून राहिला तो, वाट बघत.

आधी सगळे दचकले. मग हसले. "अय्या, मोठा माणूससुद्धा!" असं एक बाई म्हणाली. त्यावर आणखी हसले. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून.

बाप उठला. अंगावरून चहा निथळत होता. त्यानं हात जोडले. म्हणाला, "माफ करा सायेब. सवय हाय." आणि हसला. माझा बाप त्यांच्याबरोबर हसला.

तिथं माझं काहीतरी तुटलं. घर जळताना नाही तुटलं, परकरानं फरशी पुसताना नाही, मायचा पाय गेला तेव्हा सुद्धा नाही. बापाचं ते हसू बघितलं आणि मला कळलं की हे आम्हाला कुठपर्यंत नेणार आहेत. ह्यांना नुसती आमची बोली पुसायची नव्हती. आमच्यावर हसलेलं आम्हालाच गोड वाटलं पाहिजे, इथपर्यंत पुसायचं होतं.

मी म्हणाले, "हसू नका."

माझ्या बोलीत म्हणाले. त्या शाळेत पहिल्यांदा. "आमच्याकडं ह्यो आवाज झाला की दगड येतोय. मानूस मरतंय. त्यानं लेकरू झाकलं. त्यात काय हसायसारखं हाय? सांगा की! तुमचा बाप असता तर हसला असता का तुमी?"

बाईंचा चेहरा पांढरा पडला. "तोंडावर बोट!"

"न्हाई ठिवत."

बाई आल्या. माझा हात धरला आणि माझंच बोट माझ्या ओठांवर दाबायला लागल्या. मी झटका दिला. "मला हात लावू नका!"

बाईंचा हात सुटला. कोणी कोणाला हात लावायचा नाही, हे आमच्या आजा-पणजांनी पिढ्यान् पिढ्या ऐकून घेतलेलं. मी ते त्यांना ऐकवलं. शूर-बीर काही नव्हते मी.

पाहुणे गेल्यावर सरांनी बापाला बोलावलं. मी दारात होते. "मोठी उद्या सगळ्या शाळेसमोर माफी मागेल. शुद्ध भाषेत. तर तिला ठेवू. हुशार आहे, मोठ्या वर्गात बाकावर बसवू. धाकटीला घेऊन जा. मंद आहे ती, तिच्यामुळे बाकीच्यांचा वेळ जातो."

बाप आम्हाला घेऊन घरी आला. झोपडीत आल्यावर त्यानं तो शर्ट काढला, घडी केली आणि माझ्यासमोर बसला. "माग माय माफी," तो म्हणाला. "तू हुशार हाईस, त्येच म्हनले. एक तरी शिकू दे माझ्या घरातलं. न्हाई तर हितंच खडी फोडशील, मी मरंस्तवर, तू मरंस्तवर." तो रडत होता. माझ्या बापाला मी घर जळताना रडताना बघितलं नव्हतं.

"अन् शालू?" मी विचारलं.

तो फोटोकडं बघत राहिला. मग कोपऱ्यातून, पाय उशीवर ठेवून पडलेली माय बोलली. "एक मुकी केली त्यांनी. दुसरीबी द्यायची का?"

"मग काय साळा सोडायची?" बाप तिच्यावर ओरडला.

"सोडायची कामून?" माय म्हणाली. "तिनं काय चोरी केलीया?"

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे गोड शेवटाची वाट कोणी बघू नये. शालूला त्या शाळेनं परत घेतलं नाही. ती पुढं कधीतरी थोडं थोडं बोलायला लागली, घरातल्या घरात, दबक्या आवाजात. परक्या माणसासमोर आजही बोलत नाही. तिला अक्षर येत नाही. तिच्या तोंडातून एवढी भाषा वाहत होती, आणि ती भाषा शिकवण्याच्या नावाखाली बंद केली गेली. ह्याबद्दल मला कोणाला माफ करायचं नाही. मी करणारही नाही. कोणी मला सांगू नये की बाईंचा हेतू चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शालूची वेणी घातली, माझी घातली, आणि आम्ही दोघी शाळेत गेलो. प्रार्थना संपत होती. सगळी शाळा मैदानात उभी. सरांनी मला बघितलं. "आलीस? ये पुढे. माग माफी."

"माफी मागाया आले न्हाई. शिकाया आले."

"तिला का आणलंस?"

"तीबी शिकाया आलीया."

पोरं खुसखुसली. सरांनी गप्प केलं त्यांना. मग मला म्हणाले, अगदी हळू आवाजात, "मुली, तुझं आयुष्य फुकट घालवतेयस. चल, तू आत ये. ती घरी जाईल."

मैदानातून मला वर्गातला तो बाक दिसत होता. खिडकीजवळचा. मला तिथं बसायचं होतं हो, फार बसायचं होतं. मी त्या बाकावरून नजर काढली आणि वर्गाच्या दारातल्या पायरीवर जाऊन बसले. शालूला शेजारी बसवलं. बाई आत गेल्या, धडा शिकवायला लागल्या. सर आले आणि म्हणाले, "शिपाई, ह्यांना फाटकाबाहेर काढा."

मामा आले. माझ्यासमोर वाकले. "पोरी, ऊठ गं. माझी नोकरी जाईल."

"तुमी वढा मामा. तुमच्यावर राग न्हाई माझा. तुमी वढून न्या, मी परत येते."

त्यांनी मला दंडाला धरून नेलं. शालू माझ्या परकराला धरून मागं. फाटक लागलं. मी बाजूच्या तारेखालून शालूला आत ढकललं, मग स्वतः शिरले. गुडघा फाटला. परत पायरीवर येऊन बसले. परत काढलं. परत आले. तिसऱ्या वेळी बाईंनी दार लावून घेतलं, पण खिडकी उघडी होती आणि त्यांचा आवाज ऐकू येत होता. मी पुस्तक मांडीवर घेतलं. बाई आत जे वाचत होत्या ते मी शालूला आमच्या बोलीत सांगायला लागले, खिडकीतून आत जाईल एवढ्या मोठ्यानं.

शालू काही बोलली नाही. नुसती बघत होती.

सर खिडकीशी आले. "किती दिवस करणार आहेस हे?"

"रोज," मी म्हणाले. "तिला आत घ्या. न्हाई तर रोज हितं बसनार अन् रोज वरडून शिकवनार. मला एकटीला बाक नको. तिच्याबिगर मी आत येनार न्हाई. काय करायचं ते करा."